स्टार्टर

माझ्या दुकानात भितीले सात स्टार्टर टांगले हायेत.
एकाच्या डब्यात पालीनं अंडे घातले.
एक संपत उरकुड्याचा,
तीन वर्सं झाले, न्याले येत नाई.
हात लावू देत नाई मी कोनाले:
आत कॉइल हाय,
कॉइलमंदी कोनाचं तरी पानी झोपलं हाय.

करिश्मा नागपूरले हॉटेलाचं शिकते.
सुट्टीत आली आन् मले जेवाले घेऊन गेली
वर्ध्याले, बायपासवर, एसीत.
पोट्टा वाकून म्हने, "सर, स्टार्टर?"
म्या इचारलं, "मोटर किती एचपीची हाय?"

पोरगी लाजली. पोट्टा हसला नाई.
देवळीकडचा निघाला.
"काका, आमची पाचची हाय.
बटन दाबलं का नुसती हूम करते, उचलत नाई."
म्हनलं, पॉइंट घास, पॉलिश पेपरनं, हलक्या हातानं.
ऑर्डरच्या कागदावरच त्यानं लिवून घेतलं,
खाली माझा नंबर.

मंग आले कोबीचे गोळे,
लालभडक, काड्या खुपसलेले.
"यानं भूक सुरू होते, बाबा."
भूक सुरू कराले येगळं मशीन लागते
हे बावन्न वर्सात मले कोनी सांगतलं नवतं.
आमची तर डायरेक्ट लायनीवर.
लाल बटन तेवढं
शोधत आलो आजवर.

घरी आलो तं इंदिरा दुधाले विरजन लावत होती,
करंगळी बुडवून, कोमट पाहून.
वरची टूब फडफडत होती.
तिचाबी स्टार्टर गेला,
लोकाईचे बदलतो, घरचा राह्यते.
करिश्मा म्हने, "आई, विरजनालेबी
इंग्रजीत स्टार्टरच म्हनतात."
"म्हनोत बापा," इंदिरा म्हने,
"पन आता भांडं हालवू नोका."

रात्री दीडले थ्री फेज आली.
फोन वाजला. थोच पोट्टा,
ड्यूटी करून गावाले गेलेला.
बोलला काईच नाई,
फोन नुसता धरून ठेवला
पाइपाच्या तोंडाशी.

लय येळ आयकत बसलो.
मंग पानी प्याले उठलो,
अंधारात, चवड्यावर,
फळीवरचं भांडं
हालू नये म्हनून.