वॉशर

हिचं फ्लायव्हील बाहेर असतं.
हे आधीच सांगतो, कारण बघायला येणारे सगळे तिथेच बोट दाखवतात:
डाव्या अंगाला, परातीएवढं, उघडं.
चालू असताना पँटचा पाय सांभाळायचा.

सिलिंडर आडवा. गुडघे टेकल्याशिवाय प्लग दिसत नाही.
दिवाडीच्या त्या बल्कांवात मी चौदा दिवस गुडघ्यांवर होतो
आणि लुदोविना, स्विंडनहून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेली,
वर बसून वहीत लिहीत होती:
काय मूळचं, काय नाही.

‘म्हाका ओरिजिनल जाय,’ ती म्हणाली,
‘पप्पाची आसली तशी.’

पप्पा म्हणजे मेस्त आंजेलिन.
इगर्जीतला कॉयर, गावातल्या निम्म्या पोरांची व्हायोलिनं,
आणि ही फाल्कोने, छप्पन सालची,
बोटीतून मुरगावला उतरलेली.

टाकीला खालून पितळेची ठिगळं, तांबटाच्या हातची.
सीटची शिवण चपलेची.
हेडलाइटची काच लॅम्ब्रेटाची, म्हणजे निदान माहेरची.
स्पोक तीन वेगळ्या जातींचे.
कार्ब्युरेटरचं जेट झिजून मोठं झालेलं.
कोणीतरी ते वर्षानुवर्षं तारेनं साफ करत आलं होतं,
म्हणून ती इतकं पीत होती.
कसली तार, ते बॅटरीच्या डब्यात सापडलं, गुंडाळून ठेवलेलं.

लुदोविना पहिल्यांदाच हसली.
‘ई ची तार. सतत हरवायची.
आणि मार आम्ही खायचो.’

अकराव्या दिवशी तेलाचा बूच.
रात्रभर डिझेल पाजलं होतं तरी हलेना.
मांडवीचं खारं वारं आट्यांत जाऊन बसलं की
पाना नाही, मिनतवारी लागते.
मग एकदम सुटला, आणि काळ्या तेलाबरोबर
तळहातावर एक चकती पडली.

रॉकेलनं पुसली. तांबूस.
मधोमध भोक, आणि काठाला
अर्धी अक्षरं, एक पाच, एक दोन.
तांगा. पोर्तुगालच्या राज्याचा.
बासष्टनंतर म्हापशाच्या बाजारात
ज्यावर बांगड्याचं शेपूटही आलं नसतं
ते नाणं इथं अंधारात तेल अडवून बसलेलं.

कडेला कानशीचे ओरखडे होते.
सगळे डावीकडे कललेले.

वामन च्यारी डावखुरा होता.
‘मागं येताना कानस उचल, रे,’ म्हणायचा,
आणि चौदाच्या पान्यानं बोटांच्या पेरांवर.
सहा वर्षं त्याच्याकडे होतो. दिवाडीला यायचा
हे कधी बोलला नाही.
मेस्तकडून पैसे घेतले असतील का?
की हेच नाणं मजुरी म्हणून मिळालं
आणि त्यानं तिथल्या तिथं वापरून टाकलं?
त्याचं काही सांगता येत नाही.

पाकिटात नवे वॉशर होते, इटलीहून आलेले,
सहा, एकसारखे, चकचकीत.

‘हें कितें?’ लुदोविनाचं पेन वर.
‘वॉशर.’
‘ओरिजिनल?’

मी स्वयंपाकघरातला गॅस मागितला.
दाबून दाबून धातू निबर होतो.
लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात सोडायचा,
पुन्हा मऊ, पुन्हा आज्ञेत.
चिमट्यात नाणं धरून मी उभा होतो
आणि तिची मावशी भाताचं पातेलं बाजूला सारत
काहीतरी पुटपुटली, ते प्रार्थनेतलं नव्हतं.

‘बदलायची गरज नाही,’ मी म्हणालो.
हे खोटं नाही.

चौदाव्या दिवशी कॉम्प्रेशन सोडलं, एक लांब किक.
ठोका इतका सावकाश
की दोन ठोक्यांच्या मध्ये एखादा प्रश्न विचारून होईल.
तिनं विचारला नाही. फ्लायव्हीलकडे बघत राहिली,
फ्रॉकचा घोळ मुठीत धरून.

रात्री खाली पुठ्ठा घातला.
सकाळी पहिल्या फेरीबोटीनं आलो तर ती आधीच
पुठ्ठ्यापाशी उकिडवी बसलेली.
बुचाखाली कोरडं.
मागच्या बाजूला एक थेंब, पोस्टाच्या तिकिटाएवढा पसरलेला.

‘गियरबॉक्स,’ मी म्हणालो. ‘तो मूळचा.’
तिनं लिहून घेतलं.