पाहुण्यांच्या रेघा

आन्त्सिराबेत जुलै म्हणजे कडाक्याची थंडी.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, आणि मी नकाशात आफ्रिका बघून
सुती साड्याच भरल्या.
पहिल्या सकाळी रावाऊनं, तिथल्या स्वयंपाकिणीनं,
काही न बोलता आपला स्वेटर माझ्या खांद्यावर टाकला.
धुराचा वास होता त्याला.
मी द्यायला आले होते.
सुरुवात घेण्यापासून झाली.

बत्तीस मुलं. शिवणयंत्रं दोन, त्यातलं एक चालू.
अर्जात लिहिलं होतं, शिवणकाम शिकवीन.
शिकवलं थोडं.
बाकी बटणं लावली, उवा काढल्या,
ताहिरीच्या कानात रोज थेंब घातले
आणि रोज त्याच्या लाथा खाल्ल्या.

नाव सांगितलं, इंदुमती,
तर सगळा व्हरांडा खदखदून हसला.
फेनुसुआ, वय वर्षे नऊ, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून
जमिनीवर आडवी झाली.
'मती' म्हणजे त्यांच्या बोलीत मेलेला.
तेव्हापासून मी नुसती इंदू.
छप्पन्न वर्षांत माझ्या नावातलं मरण
कुणी असं उचलून बाजूला ठेवलं नव्हतं.

आमच्या घरी भात करपला की बोलणी बसत.
इथे करपलेल्या पातेल्यात पाणी ओततात, उकळतात,
आणि जेवणावर तेच पितात.
त्याला म्हणतात रुप्याचं पाणी.
मी दोन पेले प्यायले.
रावाऊला वाटलं, तहान लागली असेल.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत.
खालून वर चढत गेलेल्या मुलांच्या,
नाव, साल, पुन्हा साल.
आणि दाराच्या पलीकडे, उंचावर, पाहुण्यांच्या.
एल्के. मातेओ. एक कुणी योहाना.
प्रत्येकीची, प्रत्येकाची
एकच रेघ.
फेनुसुआ बोट ठेवून सांगायची:
हा गिटार वाजवायचा.
ही जाताना फार रडली.
हिनं पत्र पाठवते म्हटलं होतं.
तक्रार नव्हती तिच्या आवाजात,
गावातली दुकानं दाखवावीत तशी दाखवायची.

मला नको, मी म्हटलं.
तिनं खांदे उडवले. शेवटच्या दिवशी उभं राहावंच लागतं.

डिसेंबरात उभी राहिले.
ती स्टुलावर चढली, डोक्यावर लाकडी पळी आडवी धरली,
अंबाडा दाबून सपाट केला, फसवू नकोस म्हणाली.
मग फाटकापर्यंत आली नाही.
बाकीचे ओरडत होते, वेलुमा, वेलुमा.
निरोपाचा शब्द.
अर्थ: जिवंत राहा.

राहिले.
अडीच वर्षांनी, गुडघ्याला पट्टा बांधून,
या वेळी दोन स्वेटर घेऊन, परत गेले.

फेनुसुआ नव्हती.
तुआमासिनाहून मावशी आली होती, घेऊन गेली,
चांगली होती बाई, रावाऊ म्हणाली,
आणि मग पुन्हा म्हणाली, चांगली वाटली.

पळी ताहिरीनं धरली. आता लाथा मारत नाही,
नुसता बघतो.
रेघ मारली, मागे सरला, कपाळाला आठ्या.
पुन्हा मोजलं.
मी अर्धं बोट खाली आले होते.
आपलंच चुकलं असं वाटून बिचारा पुसायला निघाला,
रावाऊनं त्याचा हात धरला, आणि हसता हसता
तिला चुलीपाशी बसावं लागलं.
दाराच्या पलीकडे, पाहुण्यांच्या रांगेत
दोन रेघांचं नाव एकच,
तेही उतरतं.

त्या रात्री सगळे निजल्यावर कोळसा घेऊन
फेनुसुआच्या शेवटच्या रेघेपाशी उभी राहिले.
वर चार बोटं मोजली. पाच असतील कदाचित,
या वयात मुली एकदम वाढतात.
हात तिथेच ठेवला थोडा वेळ,
पण रेघ ओढली नाही.
पळी डोक्यावर टेकल्याशिवाय
या घरात रेघ ओढत नाहीत.
कोळसा चुलीत टाकला.
सकाळी लागणारच होता.