नळी

फुंका.
लांब... अजून. मधेच तोडू नका.

एकतीस डिसेंबरला माझ्या तोंडात एवढंच.
रंकाळ्याच्या टॉवरखाली बॅरिकेड,
मफलरवर टोपी, हातात यंत्र
आणि खिशात नळ्या; माणसागणिक नवी, पिशवी फाडून.
कुणी म्हणतं, ताई, आईशपथ दोनच.
कुणी खोकल्याच्या औषधाचं नाव सांगतं, स्पेलिंगसकट.
एकानं तर तांबड्या रश्श्यावर ढकललं.
यंत्राला रस्सा कळत नाही.
शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम,
एवढीच त्याची शाळा.
वर गेलात की गाडी इथं, तुम्ही रिक्षानं घरी,
आणि तारखेला कसबा बावड्याला, कोर्टात:
दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही.
मी पाठ म्हणते. लोक हसतात.
शिव्या कमी, हॅपी न्यू इयर जास्त.

गेल्या साली पहाटे तीन बावन्नला
एका ग्रुपवर मेसेज पडला:
"टॉवरला मामा हायत. आतनं काढ भावा."
मामा म्हणजे मी. बाई असले तरी मामाच.
पाठवणारा हर्षद सुतार. खाली बदामाचं चित्र.
मायेनं पाठवलेला होता;
जबाबात तसा रकाना नसतो.

इंद्रजित पोवारनं आतनं काढली.

गंगावेशीच्या अलीकडे, बोळाच्या तोंडाशी,
केरबा आडनाईक म्हैस घेऊन
दूध कट्ट्याकडं निघाला होता.

आम्ही पोचलो तेव्हा
गाडीचे इंडिकेटर दोन्हीकडं लुकलुकत होते.
केरबावर कुणीतरी बॅनर पांघरलेला,
नववर्षाच्या शुभेच्छांचा.
इंद्रजित कट्ट्याला टेकून, शुद्धीत, एकच घोकत होता:
हॉर्न दिलावता की मी. हॉर्न दिलावता.
त्यालाही नळी दिली.
फुंका, म्हणाले. अहो-जाहोच केलं, सवयीनं.
सीपीआरला रक्त घेतलं, सील केलं, सही केली.

म्हैस मात्र जागची हलेना.
केरबाच्या मनगटाचं दावं सोडवलं तरी.
कास तटतटलेली. उजाडायला लागलं तशी
ती हंबरायला लागली, थांबून थांबून.
मी कसबा बीडची. मला ते हंबरणं कळतं.
साहेबांना म्हटलं, दोन मिनिटं.
एका पोरानं चरवी आणली.
बाह्या सारल्या, रस्त्यावरच उकिडवी बसले
आणि पिळली.
धार वाजत होती. पंच बघत उभे.
चरवी भरली, दुसरी मागवावी लागली.
ते दूध कुणी प्यालं नाही. पंचनाम्यातही आलं नाही.

आता बचावाचा वकील म्हणतो, निष्काळजीपणा.
सरकारी म्हणतो, सदोष मनुष्यवध.
दोघांच्या मधल्या वर्षांत
एक बावीस वर्षांचा पोरगा उभा आहे,
भरतीच्या धावण्यात पहिला आलेला.
त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद
माझ्याच टेबलावर आला. खरं होतं ते लिहिलं.
हर्षद साक्षीदार नंबर चार;
मेसेजची प्रिंट फायलीला लावलीय, बदामासकट.
गाडी ठाण्याच्या आवारात. टायरमधनं गवत वर आलंय.
पोवारांचे वडील येतात, काच पुसून जातात.

म्हैस हल्ली केरबाची सून आणते,
वाट वाकडी करून, टॉवरवरनं.
"तुमच्या उजेडातनं जाते," एवढंच म्हणाली.
म्हैस माझा हात हुंगते. सॅनिटायझरचा वास; तोंड फिरवते.

आज पुन्हा एकतीस.
लांब फुलेवाडीकडून एक गाडी येतेय,
आमचे दिवे बघून मंदावलीय,
बोळापाशी नाक वळवून थांबलीय.
आत कुणाचा तरी मोबाईल उजळला.

मी टॉर्च खाली धरते.
ये की लेकरा, सरळ ये.
नळी फाडून ठेवलीय.