पाण्याची सोय नाही

भाच्यानं बोर्ड रंगवून आणला: वाळवंट सफारी,
एक मुक्काम, जेवणासकट, जीपमधून.
खाली बारीक अक्षरात: पाण्याची सोय नाही.
शुक्रवार पेठ चार दिवस हसली.
तालमीच्या कट्ट्यावरून सदू कोगे ओरडला,
एकनाथदा, कोल्हापुरात वाळवंट?
अरे, इथं नदी
चप्पल न काढता घरात येती.

पण मे महिन्यात माणसं आली. तिघंजण.
दोन पोरं नाशकाकडची, गॉगल डोक्यावर,
आणि टेस, ऑस्ट्रेलियाची,
पाठीवर बिऱ्हाडाएवढी सॅक,
तांबड्या रश्श्यात बुडवून काढल्यासारखं नाक.

शिवाजी पुलावर मी खाली बघत नाही.
गिअर बदलायचं निमित्त करतो.
केर्ली, वाघबीळ, रसवंतीची घुंगरं,
आणि पन्हाळ्याच्या चढाला पंक्चर.
स्टेपनीत हवा निम्मीच.
पोरांनी व्हिडिओ काढला, जॅक आणि माझी पाठ.
ती मात्र टायरपाशी उकिडवी बसली
एकेक नट तळहातावर घेत, मोजत.

मसाई पठार. उन्हाळ्यात तिथं काय असतंय?
जांभ्याचा तापलेला तवा, करपलेलं गवत,
एक टिटवी शिव्या देत फिरणारी.
गवळी धनगरांची म्हसरंसुद्धा
सावली हुडकत दरीत उतरलेली.
मला गाईड म्हणून बोलायचं होतं.
भाच्यानं कागद दिला होता: हा सडा, हा कडा, ही लेणी.
ते एका दमात संपलं.
मग म्हटलं, मॅडम, इथं काय नाही.
ती म्हणाली, आमच्या घराभोवतीही काय नाही.
असंच लाल, चारशे किलोमीटर,
मध्ये एक पेट्रोल पंप.
तो माझा बाप चालवतो.

दुपारी वारं सुटलं.
डॅशबोर्डच्या जाळीतून भुरभुर धूळ पडली.
टेसनं बोटावर घेतली, चोळली, बाहेर बघितलं.
बाहेर सगळं लाल.
ही राखाडी कुठली?

मी कुंभाराच्या पोटचा,
माती मला ओळख विचारत नसती.
पुराच्या साली ही जीप पाच दिवस पाण्याखाली होती.
शेजारच्या शेडात आमचे
अर्धे रंगवलेले अडीचशे गणपती.
पाणी ओसरलं तेव्हा
सोंडा तेवढ्या ओळखू येत होत्या, त्याही सगळ्या नाही.
इंजिन उघडून धुतलं, सीटा बदलल्या,
मेस्त्रीनं जाळीत नळी घालून तीनदा फुंकलं.
अजून पडते. दर फेरीला चिमूटभर.

हे कागदावर नव्हतं.
मी म्हटलं, रिव्हर.
तिनं मान वळवून चारी दिशा बघितल्या,
कुठाय?
मी डॅशबोर्डवर थाप मारली.
आणखी थोडी पडली.

रात्री झुणका-भाकरी, मिरचीचा खर्डा.
पोरं पिण्याच्या बाटलीनं हात धुवाय लागली
तशी ती उठली, बाटली काढून घेतली,
काही न बोलता बूच लावलं.
मग स्वतः कपभर पाण्यात दात घासले, तोंड पुसलं,
आणि उरलेलं, खरंच सांगतो,
मला विचारून रेडिएटरमध्ये ओतलं.
माझ्या आईनंतर पाण्याला इतकं भिणारं
माणूस मी बघितलं नव्हतं.
एक जास्त बघितलेली, एक बघितलंच नाही असली.

टपोरं चांदणं. पोरं घोरत होती.
ती बापाबद्दल काही सांगत होती,
निम्मं कळलं. निम्मं कळायची गरज नव्हती.

सकाळी उतरताना तिनं माझी
चुन्याची रिकामी डबी मागितली,
जाळीखालची माती तीत झाडून घेतली,
सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली.
मी पैसे घेतले नाहीत डबीचे.
भाचा अजून बोलतोय त्यावरनं.

परत शिवाजी पुलावर आलो.
खाली हिरवी जलपर्णी, मधनं बोटभर पाण्याची रेघ,
काठाला कुणीतरी म्हैस धुत होतं.
नाशकाचं पोरगं वाकून म्हणालं,
काका, हीच का ती पंचगंगा? एवढीशी?
मी गिअर बदलला.
म्हटलं, झोपलीय.
हळू बोल.