समासातले डाग

रोज सकाळी मी कालचं कार्ड वाचते.
निळ्या पट्टीवर करपलेली रेघ,
काचेच्या गोळ्यातून सूर्यानं स्वतःच ओढलेली.
नऊ तास चाळीस मिनिटं.
सव्वादोनच्या सुमाराला जरा तुटलीय:
एक ढग जिंतूरवरून गेला असणार,
कामाशिवाय.

माझ्याआधी इथे हबीबुद्दीन काझी होते.
फुटक्या दुर्बिणीतून ते पुठ्ठ्यावर सूर्य पाडायचे,
जुन्या रुपयाएवढा,
त्यावरचे डाग मोजायचे
आणि पावसाच्या रजिस्टरात, समासात,
शाईपेन्सिलीनं आकडा.
"अकरा सालाची पाळी हाय त्याची.
चढतो, उतरतो.
पाऊस ह्यातच कुठंतरी लपलाय, बाई."

बहात्तरला डाग उतरणीला होते.
शहाऐंशीला तळाशी.
काझींनी दोन्ही सालांखाली रेघ मारली,
तिसऱ्याची वाट पाहत रिटायर झाले.

चौदा साली डाग माथ्यावर होते,
आणि मापकात
सप्टेंबरपर्यंत धूळ अन् एक मेलेला नाकतोडा.
काझी आले, टोपी काढून रजिस्टर उघडून बसले.
चहावर साय धरली.
मग म्हणाले, "नै बैठता."
एवढंच.

मी त्यांच्यापुढे दुसरा रकाना सरकवला,
ज्याच्या समासात कुणी काही लिहिलं नव्हतं:
किमान तापमान.
पहाटेचा, गार असायचा तो आकडा.
त्यांच्या सुवाच्य अक्षरापासून माझ्या गिचमिडीपर्यंत
डाग तीनदा चढले, तीनदा उतरले,
हा रकाना मात्र
धापा टाकत का होईना, वरच निघालेला.

"रात्री तापतायत," मी म्हणाले.
काझींनी बाहेर गोळ्याकडे पाहिलं.
रात्री तो आंधळा असतो,
कार्ड कोरं,
आणि ज्याच्यावर त्यांनी तेहेतीस वर्षं संशय घेतला
तो तेव्हा पृथ्वीच्या पलीकडे असतो.

जाताना फाटकाशी थांबले.
मला वाटलं, समास खोडून टाका म्हणतील.
"राहू द्या ते आकडे," म्हणाले,
"पावसाचं चुकलं माझं.
पण डाग खरे हैत.
एकही दिवस अंदाजानं नाही लिहिला."

आज पहाटे साडेअठ्ठावीस.
गच्चीवरची चादर अजून कोमट.
मी उन्हाळ्याचं लांब कार्ड खाचेत सरकवते,
बोटानं गोळ्यावरची धूळ पुसते,
आणि साडेसातच्या आसपास, नेहमीसारखा,
पट्टीच्या टोकाला
बारीक धूर.