खिंडीतली मोजणी

पानाच्या तळाशी बोटभर रुंदीची पट्टी,
तिच्यात खंडातले देश, वर्णानुक्रमे,
मध्ये उभ्या रेघा.
पंगतीत दोन पानांमध्ये सोडतात
तेवढंच अंतर.
शालेय कोश. तिबिलिसी. मार्चची तेरा तारीख.
हीटर बंद, आणि आम्ही पाच जण अंगात कोट ठेवूनच
ठरवत होतो
युरोपात कोणाकोणाचं पान मांडायचं.

ओतिया म्हणाला, डोंगराचा कणा धरा.
पाणी उत्तरेला उतरलं तर युरोप,
दक्षिणेला उतरलं तर आशिया.
पाण्याला लाच देता येत नाही.
झेइनाब म्हणाली, मग ही खुर्ची कुठे?
हा चहा? ही तू आत्ता आपटलीस ती फाईल?
मग कुणी फुटबॉल काढला, कुणी क्रूस,
कुणी मडक्यातल्या हजारो वर्षांच्या द्राक्षबिया.
एका बेटाची साक्ष निघाली,
नकाशात आशियाला खेटलेलं, सहीशिक्क्यात युरोपचं.
तुर्कस्तानचा अंगठा आत येतो.
कझाकस्तानची एक बाही.
"मग अंगठ्यालाच वाढा," झेइनाब म्हणाली,
"बाकीचा माणूस दाराबाहेर बसेल."
हसलो सगळे. मी जरा आधी थांबले,
कारण पेन्सिल माझ्या हातात होती.

मी रुसुदान. यादीची मालकीण नव्हे, मोलकरीण.
स्वल्पविराम झाडते, रेघा पुसते.
मी सुचवलं, आपल्या नावावर एक चांदणी देऊ,
आणि खाली बारीक टीप:
कधीकधी धरला जातो.
ओतियाने चष्मा काढून टेबलावर उपडा ठेवला.
"कधीकधी धरला जाणारा देश.
रुसिको, तिथेच जन्मलीस ना तू?"

सप्टेंबरात मामाकडे गेले, तुशेतीला.
तुशेती कण्याच्या पलीकडे,
ओतियाच्या पाण्याप्रमाणे युरोपात.
हिवाळ्यातली कुरणं खाली कखेतीत,
त्याच पाण्याप्रमाणे आशियात.
बर्फ पडायच्या आत इमेदामामा
मेंढरं घेऊन अबानोची खिंड उतरतो.
दर साली खंड बदलतात ती, जूनमध्ये परत बदलतात,
खूर तेच, लोकर तीच,
अजून एकीनेही चौकशी केलेली नाही.

खिंडीत वारा असा
की बोललेला शब्द दुसऱ्याच्या कानात पडतो.
दगडांच्या दोन ढिगांमधून
मामा एकेक जनावर सोडत होता,
विसाला एक खाच, काठीवर.
वीस विसा झाल्या. वर तेरा.
वहीत होती चारशे बारा.
"परत मोजूया?" मी म्हटलं.
त्याने काठीनेच दाखवलं:
ती करडी. कान बघ, आपल्यासारखा कापलेला नाही.
जुलैत कुठूनशी आली,
मिठाच्या दगडापाशी रांगेत उभी राहिली.
"मग ती धरलीस कशाला?"
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जसा मी शहरात फार वर्षं राहिले असावे.
"रात्री लांडगा आला, तर कुत्र्याला काय सांगू?
तेवढी एक सोडून राख?"

ऑक्टोबरात पट्टी छपाईला गेली.
चांदणी मी खोडली. कुणाला विचारलं नाही.
शेजाऱ्याचं नाव घालायला घेतलं,
मग त्याच्या शेजाऱ्याचं,
तर जागा संपली.
टाईप अर्ध्या पॉइंटने लहान केला.
झेइनाब म्हणते, आता भिंग लागेल पोरांना.
ओतिया दोन दिवस बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन आला
आणि एक स्पेलिंग चुकलेलं दाखवलं.

फेब्रुवारीत मामाचा फोन, खालच्या कुरणावरून.
करडी व्याली. दोन.
मी विचारलं, कान कसे आहेत?
वारा तिथेही होता, नीट ऐकू येईना.
"अजून," तो म्हणाला, "कापलेले नाहीत."