काळी एक

एका गाण्याचे पाचशे, तिनाचे बाराशे,
हुपरीकरबाईंनी फोनवरच सांगून टाकलं.
आणि चहा मिळणार नाही.

आम्ही चौघं, राजारामपुरीच्या अकराव्या गल्लीत,
जिन्याखाली चपलांच्या जोड्या जुळवत उभे.
शीतल मगदूमनं शर्टाला इस्त्री केलेली,
मुलगी बघायला निघाल्यासारखी.
अल्ताफनं पेनड्राइव्ह रुमालात बांधलेला.
तोवर आम्हाला ऐकलं होतं ते आपल्याच माणसांनी.
त्यांनी 'नाद खुळा' म्हटलं, पाठीवर थाप मारली,
आणि मिसळीचं बिल आम्ही दिलं.

बाईंनी आधी पंखा बंद केला.
मग फ्रिजची पिन काढली.
मग खिडकी. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून
आतल्या खोलीत ठेवून आल्या.
इतकी शांतता मी कोल्हापुरात
ग्रहणाच्या दुपारीसुद्धा ऐकली नव्हती.

तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्यात ऑर्गन वाजवला,
कॅसेटच्या कव्हरवर नाव कधी आलं, कधी नाही.
भिंतीवर फोटो नाही, ढाल नाही,
एक कॅलेंडर, दूधवाल्याचे खाडे त्यात गोल केलेले.

गाणं संपलं. काही बोलल्या नाहीत.
परत लावलं.
परत.
तिसऱ्यांदा अल्ताफ फरशीकडे बघायला लागला.

"ड्रम कोण वाजवतंय?"
रणधीरनं हात वर केला.
"गाडी नो पार्किंगला लावून आलायस?
पळतोयस कुठं?"

"पंचगंगा अकरा वेळा म्हटलीय.
पाणी कुठाय त्यात?"

"'अथांग' कुणी आणला?"
मी.
"जिथनं आणलास तिथं ठेवून ये."

मला वाटलं, उठावं.
पाचशे देऊन एवढं कोण ऐकून घेतं?
मग जिन्यापर्यंत मनातल्या मनात जाऊन परत आलो.
पाचशे घेऊन एवढं कोण ऐकतं,
तीनदा, फ्रिज बंद ठेवून,
दूध नासायच्या दिवसांत.

बाईंनी डोळे बारीक केले.
"हे मागं गुंऽऽ चाललंय, ते काय?"

लेथ, मॅडम. उद्यमनगरात माळ्यावर बसतो आम्ही,
खाली आण्णा शेटक्यांचं मशीन.
काढून टाकतो. सॉफ्टवेअर आहे.

"गप बस."
ऑर्गनवरचं फडकं त्यांनी बाजूला सारलं,
एक काळी पट्टी दाबून धरली,
आणि घरभर आण्णांचा लेथ.
"काळी एक. पक्की. इकडंतिकडं हलत नाही.
आणि तुम्ही पांढरी दोनमध्ये.
तिच्याच शेजारी बसून तिच्याशी भांडताय,
म्हणून गाणं कडू लागतंय.
अर्धा सूर खाली या. बाकीचं नंतर."

पावती मागितली नव्हती, तरी दिली.
तारीख, सही, आणि मधोमध:
एक गाणे ऐकले.

आण्णांना सांगितलं. कापसानं हात पुसत त्यांनी विचारलं,
"बाईनं घेतलं किती?"
पाचशे.
"पाचशेत बेअरिंग येतंय लेका.
त्येचाच आवाज हाय त्यो, मरायला लागलंय.
गुरुवारी बदलणार हाय मी."

आज मंगळवार.
शीतल गिटारच्या खुंट्या सैल करतोय,
रणधीर जन्मात पहिल्यांदा हळू मोजतोय,
आणि मी 'अथांग' खोडून
नुसतं 'गुडघाभर' लिहून बघतोय.
खाली आठ वाजून गेलेत.
आण्णांनी बिनकामाचा एक रॉड चकमध्ये धरलाय,
मशीन चालू ठेवून स्टुलावर बसलेत,
मीटरचा आकडा दारावर
खडूनं लिहून.